दोन टक्के

मिक्सरच्या दुकानात माझ्याआधी एक वयस्कर जोडपं होतं. दुकानदार म्हणाला, “काका, कार्डावर दोन टक्के जास्त लागतील. रोख दिलेत तर नाही.” काकांनी काढलेलं कार्ड परत खिशात ठेवलं, काकूंना स्टुलावर बसवलं आणि भर उन्हात चौकातल्या एटीएमकडे निघाले. काकू मला म्हणाल्या, “साठ रुपयांसाठी केवढी ही पायपीट.”

मीही अगदी हेच म्हणायची. मोठी खरेदी असली की ह्यांची एटीएमची फेरी ठरलेली. मी पिशव्या सांभाळत धुसफुसत बसायची आणि हे घामाघूम होऊन परत यायचे, ते हातात गजरा घेऊन. नोटा मोजून झाल्या की गजरा माझ्या मांडीवर ठेवायचे.

“मग वाचलं काय?” मी विचारायची.

“बँकेला जाणार होते, ते तुला आले,” एवढंच म्हणायचे.

ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून मी सगळीकडे कार्डच देते.

आज मला इस्त्री घ्यायची होती. “ताई, वीस रुपये जास्त पडतील, चालेल ना?” दुकानदाराने विचारलं. मी चालेल म्हटलं. माझ्यासाठी आता कुणी उन्हात जात नाही, त्याचे हे वीस रुपये.

बिल हातात आलं, इस्त्री पिशवीत गेली, तरी माझा पाय निघेना. काकू दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी उभी राहून मीही दाराकडेच बघत राहिले.