इंकांच्या गावात हरवलेली दुपार

पेरूला जायचं ठरलं त्या वर्षी सिंगापूरवर धूर होता. शेजारच्या देशातली जंगलं जळत होती आणि आमच्या हौगांगच्या फ्लॅटमधून समोरचा ब्लॉकसुद्धा धड दिसत नव्हता. तरी नवरा संध्याकाळी मास्क लावून आमच्या ब्लॉकचे जिने चढायचा. तो जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत इंजिनियर, रोज कंपनीच्या बसने, पास दाखवून आत जाणारा. या सपाट देशात डोंगराची तयारी करायला जिन्याशिवाय आहे काय, असं त्याचं म्हणणं. वर आला की बराच वेळ खोकत बसायचा. पुढच्या वर्षी जाऊ, असं मी सुचवून पाहिलं, पण पेरूच्या जुन्या इंका लोकांच्या भिंतींचं त्याला कॉलेजपासूनचं वेड होतं. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडाला दगड भिडवलेला, आणि भूकंपात नवी घरं कोसळली तरी त्या भिंती उभ्या. हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते पाठ झालं होतं.

डॉक्टरांनी उंचीच्या त्रासासाठी गोळ्या दिल्या होत्या. बोटांना मुंग्या येतात म्हणून त्याने त्या पेरूतल्या उंचावरच्या कुस्को शहरात उतरताच बंद केल्या. हे मला फार उशिरा कळलं.

कुस्कोत तो खूश होता. गल्लीबोळांतल्या काळ्या भिंतींवरून हात फिरवत चालायचा, फटीत नख घालून बघायचा. आमच्या ग्रुपची गाइड कुस्कोचीच, चाळिशीतली, मोजकं इंग्रजी बोलणारी बाई. रोज सकाळी ती प्रत्येकाला विचारायची, झोप लागली का, डोकं दुखतंय का, जेवलात का. माझा नवरा दर वेळी हसून सांगायचा, एकदम छान. पण नाश्त्याचं ताट तो तसंच सारून ठेवत होता, आणि बसमध्ये खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बसत होता. मी त्याला म्हटलं, गाइडला सांगूया. तो चिडला.

"तिला सांगितलंस तर मला हॉटेलवर बसवून ठेवेल. एवढ्या लांब त्यासाठी आलोय का?"

तो सहसा चिडत नाही. मी गाइडला सांगितलं नाही.

ज्या गावात आम्ही दिवस घालवणार होतो ते दरीच्या बरंच वर होतं. व्हॅन खालीच थांबली आणि आम्ही जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांमधून चढत गेलो. कच्च्या विटांची घरं, दारात लोकर कातणाऱ्या बायका. बटाट्याची लावणी चालली होती. पुरुष पायाने दाबायचा लाकडी नांगर जमिनीत रोवत होते आणि मागून बायका वाकून बियाणं टाकत होत्या. सुरुवात करण्याआधी त्यांनी मक्याची दारू जमिनीवर ओतली. आधी जमिनीला पाजायचं, मग आपण प्यायचं, असं गाइडने समजावलं. काळ्या मातीने ती क्षणात शोषून घेतली. मला ते पाहताना का कोण जाणे, बरं वाटलं नाही.

ज्यांच्या घरी जेवण होतं त्या म्हाताऱ्या बाईंनी माझ्या नवऱ्याकडे निरखून पाहिलं आणि गाइडशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलल्या. गाइडने त्याला पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, छान. त्याच्या पुढ्यातला बटाटा सोललेलाही नव्हता.

जेवणं होईतो दरीतून ढग वर यायला लागला. खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, मग मधल्या. ऊन गेलं आणि एकाएकी हाडात शिरणारी थंडी पडली. शेतातली माणसं नांगर खांद्यावर टाकून न बोलता घराकडे वळली.

गावामागे इंकांच्या काळच्या कोठाराची एक भिंत होती. सगळे फोटो काढत होते. नवरा मात्र भिंतीकडे पाठ करून उभा होता आणि जॅकेटचे खिसे चाचपत होता. एक खिसा बघायचा, दुसरा बघायचा, परत पहिला. मी जवळ गेले.

"काय शोधतोयस?"

"पास," तो म्हणाला. "बस येईल आता. पासशिवाय आत सोडत नाहीत."

मला वाटलं, गंमत करतोय. मी हसले. तो हसला नाही. अनोळखी बाईकडे सभ्य माणूस बघतो तसं त्याने माझ्याकडे बघितलं आणि जरा बाजूला सरून मला वाट दिली.

"तुम्ही व्हा पुढे, मॅडम. माझ्यासाठी थांबू नका."

आमच्या लग्नाला तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती. तो मला कधी, अगदी भांडणातही, तुम्ही म्हणाला नव्हता. मी त्याचा हात धरला, तर त्याने तो हळूच, अवघडून सोडवून घेतला.

मी गाइडला हाक मारली. तिने त्याला सरळ रेषेत, टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं. दुसऱ्याच पावलाला तो भिंतीवर कलंडला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"यांना खाली न्यायचं. आत्ता."

तो यायला तयार नव्हता. शिफ्ट संपलेली नाही, प्लांट असा सोडून जाता येत नाही, असं तो ओरडून मराठीत सांगत होता आणि माझ्याशिवाय तिथे ते कुणालाच कळत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, साहेबांनी बोलावलंय, खाली मीटिंग आहे. तेव्हा तो निमूट झाला. गावातल्या दोघांनी त्याला घोड्यावर बसवलं, म्हाताऱ्या बाईंनी स्वतःच्या अंगावरचं घोंगडं त्याच्याभोवती गुंडाळलं. गाइडने ऑक्सिजनचा मास्क लावला. उतरताना ढगात मला घोड्याचं शेपूट तेवढं दिसत होतं. तो मधूनमधून काहीतरी पुटपुटत होता. मग पुटपुटणं थांबलं, आणि ते जास्त भयंकर होतं. मी चालता चालता त्याचा पाय घट्ट धरून ठेवला.

दरीतल्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, आणखी खाली आणलं. उंचीमुळे मेंदूला सूज येत होती, असं डॉक्टर म्हणाले. अजून थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडून मला नावाने हाक मारली आणि चहा मागितला. मी बाहेर जाऊन रडले.

सिंगापूरला परतलो तेव्हा धूर निवळला होता. इथले सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. तो पुन्हा कंपनीच्या बसने कामावर जायला लागला. त्या गावातलं त्याला काहीही आठवत नाही. चढणही नाही, भिंतही नाही. ज्या भिंतींसाठी तो इतक्या लांब गेला, त्यातली शेवटची त्याच्यासाठी नाहीच.

काही महिन्यांनी एका रविवारी हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या टपरीवर कॉफी पिताना त्याने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मी त्या दिवशी तुला काही वाईट बोललो का?"

"नाही," मी म्हटलं. "फार नीट बोललास."

त्याने मान डोलावली आणि कप उचलला. त्याचा दुसरा हात खिसे चाचपतोय का, हे मी बघत राहिले.