मास्तरांची बोंडं

साऱ्या खानदेशात माणसाच्या तोंडातून कपाशीचं बोंड काढणारा एकच माणूस झाला, आणि तो नेमका माझ्या नशिबी मेहुणा म्हणून आला. आमच्या हिचे थोरले भाऊ. धुळ्याच्या अलीकडे एका खेड्यात ते शाळामास्तर होते. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, सख्खा बाप मास्तर म्हणायचा, बायकोही मास्तरच म्हणायची, आणि चिडली की आणखी बरंच काही म्हणायची. मी चौथीतून शाळा सोडून सायकली दुरुस्त करायला बसलेला माणूस. लिहायचा मला सराव नाही. पण ही गेल्यापासून घरात मन लागत नाही. हिची आठवण काढायला बसलो की हिच्याआधी मास्तरच येऊन पाट मांडून बसतात. म्हणून म्हटलं, आधी त्यांचं उरकून टाकू.

बोंडाचं सांगतो. मास्तर चित्रांच्या गोष्टी काढायचे. एक चौकट, तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी, अशी गोष्ट सरकत जायची. आजची पोरं पुस्तकात बघतात तशी. पण मी सांगतोय ते स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली होती तेव्हाचं. आमच्या बाजूला असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. चित्रातला माणूस काय बोलतो ते मास्तर त्याच्या तोंडापुढे एक गोल काढून त्यात लिहायचे. पहिल्यांदा त्यांनी चावडीच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने असं चित्र काढलं तेव्हा गाव गोळा झालं. फुगीर पांढरा गोल, आणि त्याचं देठ थेट माणसाच्या तोंडात. एक म्हातारा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, याना तोंडमाईन कपाशीनं बोंड कसं काय फुटनं?" मास्तरांनी समजावलं. म्हाताऱ्याला पटलं नाही. त्या दिवसापासून त्या गोलाचं नाव बोंड पडलं ते पडलंच. पुढे लोक रस्त्यात अडवून म्हणायचे, "मास्तर, मन्हं बी एक बोंड काढा ना."

त्या बोंडाचा मास्तरांचा एक कायदा होता. माणूस जे खरोखर बोलला तेच बोंडात जाणार. मनचं एक अक्षर घालायचं नाही. नाकाला सोंड लावतील, पोटाची घागर करतील, पण बोललेलं जसंच्या तसं. मी एकदा म्हटलं, नाक खोटं चालतं तर बोलणं का नाही? म्हणाले, "पाहुणे, नाक त्याचं त्याला आरशात दिसतं. बोललेलं दिसत नाही. ते कोणीतरी नीट ठेवायला पाहिजे."

शाळेत शिकवायचे ते सगळं चौकटींत. सकाळी फळ्यावर सहा चौकटी आखल्याशिवाय हजेरी घ्यायचे नाहीत. पाढ्यातला सात म्हणजे काठी टेकत चाललेला वाकडा म्हातारा, आठ म्हणजे कंबर आवळून बांधलेली जाडी बाई. भूगोलात तर कहर. बाकी नद्या नवऱ्याच्या घरी निमूट पूर्वेकडे चालल्यात आणि तापी एकटी पदर खोचून, गाठोडं बगलेत मारून उलटी पश्चिमेकडे निघालीय, मागून गिरणा आणि पांझरा या दोघी "थांबा ना, थांबा ना" करत पळतायत, असं त्यांनी काढलं होतं. शाळा तपासायला डिपोटी साहेब आले. त्यांनी विचारलं, "तापी कुठे जाते?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "डावीकडे. रागारागात." साहेबांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर साहेबांच्या भुवयांकडे बघत होते. म्हणाले, "साहेब, जरा अशाच ठेवता का? खडू आणतो."

हे त्यांचं नेहमीचं. समोरचा चिडला, घाबरला, ठेचकाळला की त्याला तसाच थांब म्हणायचं. वहिनी लाटणं उगारून उभ्या आणि मास्तर सांगतायत, हात थोडा वर घ्या. चुलीवर दूध उतू जायला लागलं तर "दूध चाललं, दूध चाललं" असं ओरडून गाव गोळा करतील, पण भांडं उतरवणार नाहीत. ते कसं फुगतं, कसं काठावर थबकतं, ते बघतील. एकदा माझ्या दुकानी येताना सायकलवरून उताराला पडले. गुडघा फुटलेला, धोतराला रक्त. मी पाणी घेऊन धावलो तर हे दुकानाच्या फरशीवर माझाच खडू घेऊन बसलेले. पडण्याच्या पाच चौकटी काढून झाल्या होत्या, सहावीत गाडी खाली की आपण खाली एवढंच आठवत नव्हतं. मला म्हणाले, "पाहुणे, एकदा तुम्ही पडून दाखवा."

कागद त्यांना कधी पुरला नाही. शाळेचा हिशेबी कागद, बिडीबंडलाचा कागद, चहाच्या पुड्याचा कागद, सगळं भरून झालं की हाती येईल त्यावर. केळीच्या पानावर काडीने ओरखडून हिला राखीपौर्णिमेचं पत्र पाठवायचे. पान आमच्याकडे पोचेपर्यंत काळंठिक्कर पडायचं. ही ते उजेडात धरून वाचायची आणि एकटीच हसायची. मला काही दिसायचं नाही.

एका पोळ्याला त्यांनी बैलांवर गोष्ट काढली. सगळे लोक बैलांना गेरूचे ठिपके लावतात, पंजे उमटवतात. यांनी माझ्या सासऱ्यांच्या चार बैलांच्या चार कुशींवर एक आख्खी गोष्ट उतरवली. लांडगा आणि सुनेची काहीतरी होती. मिरवणुकीत बैल ओळीने जातील आणि गावाला गोष्ट वाचायला मिळेल असा बेत. पण बैलांना कोण सांगणार. वेशीत वाजंत्री सुरू झाली तसा दुसरा बैल पुढे घुसला, पहिला मागे राहिला, तिसऱ्याने अंग चाटून लांडगा पुसून टाकला. ज्याच्यावर शेवट होता तो चौथा तर मारुतीपुढे त्याच कुशीवर बसला. लोक म्हणायला लागले, उठवा त्याला, सुनेचं काय झालं ते कळू द्या. पुरणपोळीचा घास दाखवला, शेपूट पिळली. तो उठला तेव्हा शेवट सगळा मातीला लागला होता. मास्तरांच्या गळ्यात पडून लोक विचारत होते, सून वाचली का? मास्तर म्हणाले, "तिला बोलताना मी ऐकलं नाही. मी काय सांगू?"

आता माझ्या लग्नाचं सांगतो.

आमच्याकडे लग्नघराच्या दारावर चित्रं काढायची रीत. मधे गणपती, दोन बाजूंना हत्ती, भालदार-चोपदार, आणि खाली नवरा-नवरीची नावं. चितारी येतो आणि काढून जातो. पण बहिणीच्या लग्नात चितारी बोलावतील ते मास्तर कसले. त्यांनी हट्टाने गेरू कालवला, नीळ कालवली, आणि भालदार-चोपदारांच्या जागी आमची सोयरीक कशी जुळली त्याची गोष्ट भिंतभर काढली. घरच्या कोणाला बघू दिली नाही. तरटं लावून काम चाललं होतं. वऱ्हाड वेशीत आलं आणि तरटं काढली.

मी घोड्यावर. पुढे वाजंत्री, मागे गाडीत माझी माय आणि बाकी बायका, बाजूला आबा, म्हणजे माझे वडील, फेटा बांधून. दार आलं तशी वाजंत्री थांबली, कारण वाजवणारेच भिंत बघायला लागले. पहिल्या चौकटीत आमची बैलगाडी हिला बघायला निघाली होती. दुसऱ्या चौकटीत आबा. हुबेहूब. तीच मिशी, पोट मात्र मूळच्या दुप्पट. पुढ्यात ताट, ताटात भरीत. सोयरिकीच्या वेळी हिवाळा होता आणि माझ्या सासूबाईंनी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत केलं होतं, ते मलाही आठवत होतं. आबांच्या तोंडातून हे एवढं बोंड निघालं होतं.

माझी माय शिकलेली नव्हती. तिने गाडीतून मला हाक मारली. "भाऊ, तुन्हा बापना तोंडमा काय लिखेल शे? वाच."

मला एका दमात वाचता येत नाही, आजही येत नाही. अक्षर अक्षर जोडून वाचतो. मी घोड्यावरून मोठ्याने सुरू केलं. "आ-ज-पा-व-त." वऱ्हाडाने मागून म्हटलं, आजपावत. "घ-र खा-दं." वऱ्हाड म्हणालं, घर खादं. "ते वां-गं व्ह-तं." इथे मला पुढचं दिसलं आणि मी थांबलो. पण माय बघत होती. "भ-री-त ते आ-ज खा-दं." ते मात्र मागून कोणी म्हटलं नाही. मायने आजवर घरी केलेलं सगळं भरीत एका बोंडात नुसतं वांगं झालं होतं.

आबा खाली बघून जोड्याची धूळ झाडायला लागले.

माय गाडीतून उतरली नाही. म्हणाली, "मी आठेच बठस. तुम्ही जा, भरीत खावा, लगीन लावा." वरमाय मांडवात नाही तर लग्न कसं लागणार? मुहूर्त गोरज, सूर्य कडुलिंबाच्या शेंड्याला टेकलेला. सासरे चुन्याची बादली घेऊन धावले, आत्ता पुसतो म्हणाले. माय म्हणाली, "पुसानं नही. गावले वाचू द्या." सासऱ्यांनी बादली तिथेच ठेवली. भटजी सूर्याकडे बघायला लागले. घोडाही बसायच्या बेतात होता. आणि मी वर बसून एकच विचार करत होतो, की त्या भिंतीमागे ती पोरगी आहे, जिचा पदराखालचा नुसता हनुवटीचा भाग मी पाहिलाय, आणि आता तो परत दिसणार नाही.

सगळे मास्तरांवर धावून गेले. मास्तर म्हणाले, "ते बोलले होते की नाही एवढं विचारा." आबांना कोणी विचारलं नाही, त्यांचा चेहराच सांगत होता. मग मास्तर गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन सरळ मायच्या गाडीपाशी गेले. हात जोडले. म्हणाले, "विहीणबाई, गणपतीशेजारी एक चौकट मोकळी आहे. तिथे तुम्हाला काढतो. बोंडात काय टाकू ते बोला."

माय म्हणाली, "मन्हं बोंड त्यासना बोंडपेक्षा मोठं पाहिजे."

"दुप्पट काढतो."

"मंग लिख." माय गाडीत उठून उभी राहिली. "इतला वरीस मन्हा हातनं खादं. तव्हय तोंडमाईन एक शबद निंघना नही."

बायकांनी माना डोलावल्या. वराकडच्याही आणि वधूकडच्याही. मास्तर धावत गेले आणि भराभर काढायला लागले. अख्खं वऱ्हाड बघत होतं, पण आबांना राहवलं नाही. ते गाडीजवळ आले, फेटा नीट केला आणि इकडे तिकडे बघत पुटपुटले, "तुन्हं बी बरं ऱ्हास."

माय म्हणाली, "मास्तर, हाई बी लिख."

लग्न लागलं. सूर्य बुडाला होता की होता थोडा, यावर भटजी काही बोलले नाहीत. ओल्या गेरूखालून मी आत गेलो, माझ्या फेट्यावर मायच्या बोंडाचा थेंब पडला.

जाताना मी शेवटची चौकट पाहिली होती. त्यात ही होती, पोह्यांचं ताट घेऊन, पदर नाकापर्यंत. हिच्याही तोंडापुढे बोंड होतं, पण कोरं. मी दुसऱ्या दिवशी मास्तरांना विचारलं, हे असं का? म्हणाले, "बघायला आलात तेव्हा ती काही बोललीच नाही. पण बोलायचं असणार. बोलली की भरू."

दिवाळीला घर सारवलं, भिंत पांढरी केली, तेवढी एक चौकट मास्तरांनी ठेवली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ही माहेरी गेली की मास्तर कुंचला घेऊन उभे. "सांग, काय टाकू?" ही म्हणायची, "राहू द्या भाऊ. मन्हं बोलनं आजून सरनं नही." दर वर्षी हेच. मास्तर चौकटीला पुन्हा गेरू लावायचे, बोंडाला पुन्हा चुना. पुढे ती भिंतच पावसाने बसली. आणि हिचं बोलणं कसलं सरतंय. संसारभर ती बोलली. हात घासा, तेल लागलंय. छत्री विसरलात. गिऱ्हाइकाशी गोड बोला. मला ऐकू येतं, ओरडू नका. मी बोलायचो कमी, तिला वेळ मिळायचा नाही म्हणून.

परवा मास्तर आले. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, हात थरथरतो, पायरी चढायला दोघं लागतात. बहीण गेल्यावर आले होते तेव्हा काही बोलले नव्हते, नुसते बसून गेले. या वेळी पिशवीतून चहाच्या पुड्याचा कागद काढला. त्यावर तीच चौकट. पोह्यांचं ताट, नाकापर्यंत पदर, कोरं बोंड. म्हणाले, "पाहुणे, सगळ्यात जास्त तुम्ही ऐकलंय. सांगा, काय टाकू? बोललेलंच पाहिजे. माझा कायदा तुम्हाला माहीत आहे."

मी पुष्कळ वेळ आठवत बसलो. मोठं असं ती काही बोललीच नव्हती. मग सांगितलं. मास्तरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. अक्षरं बैलांसारखी वाकडीतिकडी गेली, एक तर बोंडाच्या बाहेर गेलं. कागद माझ्यापुढे सरकवला. सूनबाईने ताट वाढून कधीचं झाकून ठेवलं होतं, माझं लक्ष नव्हतं. मी घोड्यावरून वाचलं तसंच अक्षर अक्षर जोडून मोठ्याने वाचलं. "उ-ठा आ-ते. भा-क-र थं-डी व्ह-यी रा-ह्य-नी."

वाचलं, आणि उठलो.