पाटीवरचं साल

रंगाऱ्याचं तोंड फटकळ होतं, हे रेल्वेच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. डबे रंगवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. डब्याच्या टोकाला, तो कधी बांधला ते सांगणारी लोखंडी पाटी असते. फवारा मारण्याआधी तिला ग्रीस फासायचं, म्हणजे वर पडलेला रंग चिंधीने पुसून निघतो आणि साल वाचता येतं. सगळे रंगारी हेच करत आले होते.

मग वरून हुकूम आला. जुन्या डब्यांना नव्यांचा निळा रंग द्या, आणि पाटीला ग्रीस लावू नका. हुकूम आणणारा फोरमन म्हणजे रंगाऱ्याचा सख्खा मेहुणा.

"म्हातारीला नवरीसारखं नटवून तिचं वय कुणापासून लपवायचंय?" रंगाऱ्याने विचारलं.

"लोकांना बरं वाटतं, दाजी. आपलं काय जातं?"

"गाडी घसरली की जुने डबे एकमेकांवर चढतात. आतल्या माणसांचा चेंदामेंदा होतो. नवे डबे एकमेकांना धरून राहतात. हे तुला मी सांगायचं?"

मेहुण्याने खांदे उडवले. रंगाऱ्याने दातओठ खात फवारा मारला.

आणि एका सकाळी तुटलेल्या रुळावरून गाडी घसरली. पुढचे दोन डबे, रंगाऱ्याच्याच हातचे, एकमेकांत घुसले. मागचे नवे डबे नुसते कलले. त्यांतल्या एकात रंगाऱ्याची मुलगी होती. तिचं मनगट मोडलं, तेवढंच. रुळाचा दोष म्हणून साहेबलोक हात झटकून मोकळे झाले.

"मी आधी पुढच्याच डब्यात बसले होते," पलंगावर पडल्या पडल्या मुलगी म्हणाली. "एकदम चकाचक होता. मामा सोडायला आला होता ना, त्याने मला उठवून मागे बसवलं. माझ्या जागेवर एक बाई बसली. तिच्या कडेवर बाळ होतं."

बायकोने भावाला डोक्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलं. रंगारी त्याला बाहेर जिन्यात घेऊन गेला.

"हिला का उठवलंस?"

"भाची आहे माझी."

"आणि ती बाई?"

"सगळ्या गाडीला उठवत बसू का, दाजी?"

रंगाऱ्याचं रक्त उसळलं. या माणसाचे पाय धरावेत असंही वाटत होतं, आणि त्याचाच त्याला जास्त संताप येत होता.

"दादा नसता तर पोर नसती," बायकोने बजावलं. "त्याच्यावर उलटलात तर मला तोंड दाखवू नका."

तरी मेलेल्यांच्या घरच्यांनी ओरड केल्यावर डब्यांची चौकशी लागली, तेव्हा तो साक्षीला गेला.

"डबे जुने आहेत हे आपल्याला माहीत नव्हतं, असं फोरमन सांगतो," साहेब म्हणाले. "रंग नवा, पाटीवरचं साल दिसत नव्हतं."

"त्याला माहीत होतं."

"पुरावा आहे काही?"

"आहे," रंगारी म्हणाला. "माझी मुलगी जिवंत आहे."