वासिती आत्याची सात बिळं

आमच्या वासिती आत्याला दोनच गोष्टी जमायच्या: ऑक्टोपस धरणं आणि गप्प न बसणं. कंदावू बेटाच्या खडकांत ऑक्टोपसची सात बिळं फक्त तिला ठाऊक होती, आईनं मरताना कानात सांगितलेली. त्यांच्या जिवावर तिनं नवऱ्यामागं चार पोरं वाढवली, आणि वर मलाही.

मग एरोनीला कवडी मिळाली. एरोनी म्हणजे गावचा मुखिया, आत्याचा मामेभाऊ, डोक्यानं नारळ. कुठल्याशा कंपनीनं गावोगावच्या मुखियांना कानामागं चिकटवायच्या कवड्या वाटल्या. लावली की समोरच्याच्या मनातलं ऐकू यायचं. एरोनीला मनात शिवी दिली की चर्चचं गवत कापायची शिक्षा. महिनाभरात चर्चभोवती गवताची काडी उरली नाही, यावरून त्याची लोकप्रियता समजून घ्या.

आत्याचं दुखणं वेगळं होतं. प्रार्थनेला एरोनी मुद्दाम तिच्या मागं बसायचा. बिळं आठवायची नाहीत असं ठरवलं की बिळंच आठवायची. दोन रविवारांत दोन बिळं रिकामी झाली.

"देवाच्या घरात चोरी करतोस, मेल्या?" तिनं त्याला भर रस्त्यात गाठलं.

"मी कुठं? तूच मनात ओरडत होतीस. आणि जा, गवत काप."

त्या आठवड्यात आत्या गप्प होती. मला फार वाईट वाटलं.

आता आमच्यात केरेकेरेची रीत आहे. आपल्या माणसानं वस्तू मागितली की द्यायची. नाही म्हणणाऱ्याची नातवंडांपर्यंत नाचक्की. माझी चप्पल अशीच तिघांकडं राहून आलीय.

शनिवारी सगळे यंगोना, म्हणजे मुळीचं नशिलं पेय, प्यायला बसले. आत्या एरोनीसमोर बसली आणि एक अक्षरही बोलली नाही. एरोनीच्या हातातली करवंटी तोंडाशीच थांबली.

"काय झालं रे?" म्हाताऱ्या तोमासीनं विचारलं.

"कुठं काय?"

"मी कवडी मागितलीय," आत्या म्हणाली. "मनात. तीनदा. ऐकू आलं नसेल तर सांग, कवडी बिघडली म्हणू. आलं असेल तर दे."

एरोनीनं सगळ्यांकडं पाहिलं. मग कवडी काढून दिली. तोमासीनं तीन टाळ्या वाजवल्या, म्हणजे व्यवहार पक्का.

आत्यानं ती लावली आणि कपाळावर हात मारला. बसलेले सगळेच मनात कवडी मागत होते! रीत ती रीत. तिनं शेजारणीला दिली, शेजारणीनं पुढं. गावभर फिरून सगळ्यांना सगळ्यांचं कळल्यावर ती कुणालाच नकोशी झाली. सध्या तोमासीच्या डुकराच्या कानाला आहे.

सोमवारी एरोनी आत्याच्या दारात येऊन पातेल्याकडं बघत उभा राहिला.

"मला ऐकू येत नाही," आत्या म्हणाली. "तोंडानं माग."

"दे ना गं, वासिती. थोडंसं."

तिनं नारळाच्या दुधातल्या ऑक्टोपसचा सगळ्यात जाड पाय त्याला वाढला.

"असंच मागितलं असतंस, तर बिळंही द्यावी लागली असती, गाढवा."

एरोनीनं मान खाली घातली. तो आता मागू शकत होता, हे त्या दोघांना आणि दारातून बघणाऱ्या मलाही कळत होतं. पण त्याचं तोंड काही उघडेना. पाच बिळं अजून आत्याचीच आहेत.