दादासाहेबानं सरळ केलेलं इंजिन

थंडी अशी पडली होती की इंद्रायणीवरचं धुकं उठून चऱ्होलीच्या नव्या टॉवरांच्या कमरेला लागलं होतं. वरचे मजले अधांतरी. गोठ्यात दादासाहेब कडबाकुट्टीत मक्याच्या पेंढ्या सारत होता. सारत कसला, वैर असल्यासारखा कोंबत होता. म्हशींची धार काढून झाली, शेण भरून झालं, तरी सकाळपासून तोंडातून एक चांगला शब्द निघाला नव्हता.

"अवं, जरा दमानं," अनिता दुधाची किटली उचलत म्हणाली. "मशीन बसली तर म्हशींना काय तुमचं ते उडायचं इमान घालायचं?"

"तुझी बडबड घाल. लई पुरंल."

साहेबपणा होता तो नावातच. चाकणच्या कंपनीत दादासाहेब होनिंगच्या मशीनवर होता. इंजिनाच्या सिलिंडरचं भोक आतून घासून सरळ आणि गुळगुळीत करायचं, हे त्याचं काम. भोक वरपासून खालपर्यंत एकसारखं पाहिजे. जरा निमुळतं निघालं की त्याला टेपर म्हणायचं आणि नग लाल पेटीत टाकायचा. लाल पेटीत दादासाहेबाचा नग कधी दिसत नसे, आणि दुसऱ्याचा दिसला की तो शिफ्टभर त्या माणसाला टोचून खाई. या गुणापायी कंपनीत त्याला मान होता आणि डबा खायला शेजारी कुणी बसत नसे.

अपवाद टूलरूमच्या हिंदुरावाचा. त्याला रेडिओवर चालणाऱ्या विमानांचा नाद. स्वतःचं विमान दादासाहेबाच्या हाती देऊन त्यानं त्याला उडवायला शिकवलं, आणि निवृत्त होऊन साताऱ्याकडं निघून गेला. मग दिवाळीच्या बोनसात दादासाहेबानं पुण्याच्या दुकानातून स्वतःचं लाकडी विमान आणलं आणि त्याचं ग्लो इंजिन.

मुठीएवढं इंजिन. त्याला पेट्रोल चालत नाही, मिथेनॉल आणि एरंडेल लागतं. डोक्यात ग्लो प्लग नावाची बारकी तार. सुरू करताना तिला बॅटरी लावून लाल करायची, पुढं इंजिन आपल्याच धगीवर तिला लाल ठेवतं. दादासाहेबानं ते अंगणात टेबलावर आवळून पहिल्यांदा चालवलं, तेव्हा पुढच्या पंख्यानं त्याचं बोट फोडलं. घरभर बाळंतिणीच्या खोलीसारखा एरंडेलाचा वास भरला. भिंतीपलीकडच्या सोसायटीनं आवाजाची तक्रार घेऊन वॉचमन धाडला.

"त्यांना म्हणावं, तुमचा टॉवर आमच्या ज्वारीत हुबा ऱ्हायला, तवा मी काय बोललो का?" दादासाहेबानं वॉचमनला हाकललं. गाव त्याला पायलट म्हणू लागलं. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत.

खरं भांडण मात्र घरातलं होतं. गोठ्यामागं दोघा भावांची सामाईक एक लांबट पट्टी होती. टणक, सपाट, विमान धावायला देवानंच केल्यासारखी. थोरल्या बबनरावाचं, त्याच्या नानाचं, रस्त्याकडेला लग्नाचं लॉन होतं, त्याला तिथं पार्किंग हवं होतं. जेवताना विषय निघाला आणि ताटं सरकली.

"एकदा तरी उडालंय का तुझं ते पाखरू?" बबनरावानं विचारलं. "नुसतं गुरगुरतंय टेबलावर. रिकाम्या जागंला राखण म्हणून बसलायस तू."

"येत्या ऐतवारी उडवतो. न्हाई उडालं तर टाक मुरूम, मी आडवा येणार न्हाई."

"आनि उडालं तर मी पट्टीचं नाव काढणार न्हाई. शब्द?"

"शब्द."

पट्टी गेली तर दुसरीकडं उडवायला जागाच उरली नव्हती. जिथं तिथं टॉवर.

त्यानंतरच्या एका गार सकाळी दादासाहेबानं हातानं पंखा फिरवून पाहिला. पिस्टन वर टोकाशी जाऊन चिमटल्यासारखा अडला, किंचाळून पुढं सरकला. त्याच्या कपाळाची शीर उठली. त्यानं इंजिन खोललं. ज्यात पिस्टन वर-खाली होतो ते पितळी नळकांडं, म्हणजे लायनर, रुमालात गुंडाळून कंपनीत नेलं आणि भोकाचं माप घेणारा बोअर गेज आत सोडला. वर अरुंद, खाली रुंद. चक्क टेपर!

"पुण्याच्या भामट्यानं रिजेक्ट माल गळ्यात मारला!" तो मशीनवरच ओरडला. इंजिनाबरोबर माहितीचं पुस्तक आलं होतं, ते उघडायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. हिंदुरावाला फोन करून विचारणं त्याच्या जातकुळीत बसत नव्हतं. बोअर त्याला कुणी शिकवायचा? जेवणाच्या सुट्टीत त्यानं घासायची पेस्ट घेतली आणि लायनर आतून सरळ करून टाकला. वर-खाली गेजची सुई हलेना. जोडल्यावर पंखा लोण्यातून फिरावा तसा फिरला. आठवडाभरात तो तेव्हा एकदाच हसला.

तर आज तो ऐतवार होता. धुकं विरलं तशी पट्टीवर माणसं जमली. भिंतीवरून सोसायटीतला निरंजन उतरला. हा आयटीतला, बॅटरीवरचं फोमचं विमान उडवणारा. दादासाहेबाला त्याचं तोंड पाहिलं तरी ॲसिडिटी व्हायची. बबनराव मोटरसायकलवर तिरका बसून शेंगा फोडत होता.

दादासाहेबानं टाकी भरली, प्लगला बॅटरी लावली, दांडक्यानं पंख्याला टोला दिला. इंजिन खोकलं. पुन्हा टोला. बऱ्याच टोल्यांनी एकदाचं पेटलं, निळा धूर सोडत धावलं. विमान पट्टीवर पळालं, शेपूट उचललं, आणि इंजिन गरम होताच जीव गेल्यासारखं गप झालं. विमान गवतात नाक खुपसून थांबलं. पुन्हा पेटवलं तर धूरसुद्धा नाही.

"पायलट, ढकलत न्यू का?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

निरंजननं पुढं होऊन न विचारता पंखा बोटानं फिरवला. "काका, कॉम्प्रेशनच नाहीये, दाब धरत नाही. पिस्टन वर पोचल्यावर अडायला पाहिजे. लायनर काढला होता का?"

"टेपर हुता. सरळ केला."

"सरळ केला?" निरंजनला हसू आवरेना. "अहो, तो टेपर मुद्दाम देतात! डोकं जास्त तापतं, वरचं पितळ जास्त फुगतं. गरम झालं की तो आपोआप सरळ होतो. तुमचा आता गरम झाला की वर सैल पडतो. एकदा मोबाइलवर बघायचं तरी!"

"थर्माकोल उडवणाऱ्या, तू हात लावू नगंस. हो मागं!"

निरंजन मागं झाला, पण बोललेलं मागं होईना. नव्या पोरांना दादासाहेब स्वतः शिव्या घालून शिकवायचा, की गरम नग मोजू नका रं, धातू फुगतो. मोजमापाच्या खोलीत एसी काय तुमच्या बापाला झोपायला लावलाय? आणि त्यानं गार लायनर मोजला, गारच घासला. घासलेलं पितळ परत येत नाही.

बबनरावानं टरफलं झटकली. आज इतक्या माणसांत त्याला उदार व्हायला हरकत नव्हती. "फसवलं व्हय रं तुला दुकानदारानं? तसं असंल तर सांग. घे अजून आठवडा. गावात बोलाय नगं कुनी, की भावाला ऐकून न्हाई घेतलं."

सगळे दादासाहेबाकडं बघू लागले. 'व्हय' म्हटलं की पट्टी आठवडाभर वाचत होती, नवा लायनर मागवता येत होता. गेले दोन दिवस तो त्या दुकानदाराला गावभर शिव्या देतच होता, कुणालाही खरं वाटलं असतं. त्यानं निरंजनकडं पाहिलं. निरंजन खाली बघून फोन चाळत होता.

"दुकानदाराचा काय संबंध?" दादासाहेब खेकसला. "माल चोख हुता. म्या बिघडवला."

"म्हंजी?"

"म्हंजी टाक तुझा मुरूम, नाना. शब्द दिला तो दिला. आनि दया करू नगंस माझ्यावर, मला मळमळतं. ट्रक गोठ्याच्या अंगानं आणलास तर मात्र टायर फोडीन."

बबनराव काही बोलणार होता, पण दादासाहेब विमान काखेत मारून चालू लागला होता. पंखातून एरंडेल त्याच्या स्वेटरवर ठिबकत होतं.

"स्वेटर गेला आता!" अनिता गोठ्याच्या दारातून ओरडली. "आनि कुट्टी अर्धीच टाकून गेलायसा, म्हशी बोंबलत्यात."

"आलो की! मेलो न्हाई अजून."

विमान त्यानं गव्हाणीच्या वर आढ्याला टांगलं, मशीनचं बटण दाबलं, आणि उरलेली पेंढी उचलून पात्यात सारली.