आखडून मारलेले ठोसे

वऱ्हाडात हेवीवेट बॉक्सर होणं म्हणजे पंगतीत एकट्यानंच जेवायला बसणं. ताट मोठं वाढतात, पण शेजारी कोणी नाही. हलक्या वजनाचे बॉक्सर आमच्याकडे पायलीचे पन्नास. काटकुळे, चपळ, माशीसारखे अंगावर येणारे. नव्वद किलोच्या वरचा माणूस मात्र अख्ख्या अमरावती जिल्ह्यात मी एकटा आणि अकोला जिल्ह्यात तो एकटा. जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्हाला कधी लढावंच लागलं नाही. वजनकाट्यावर उभं राहायचं, रेफरीनं हात वर करायचा, गळ्यात मेडल घालून घरी यायचं. शेजारी विचारायचे, "कोणाले हरवलं?" काय सांगणार बाप्पा, काट्याले हरवलं?

खरी लढत विभागाच्या स्पर्धेत. तिथं फायनल ठरलेली असायची, मी आणि तो. वीसेक वर्षं आम्ही एकमेकांना मारत आलो. तो माझ्यापेक्षा जास्त वेळा जिंकला, हे कागदावर आहे आणि मी ते आजही मनापासून मान्य करत नाही. त्याचा उजवा ठोसा मात्र मान्य करतो. तो छातीवर बसला की दोन दिवस शिंकायची भीती वाटायची. माझं नाव डाव्या हुकाचं. समोरच्याच्या उजव्या बरगडीखाली तो असा घुसायचा, की माणूस आधी दोन सेकंद माझ्याकडे बघत राहायचा आणि मग गुडघ्यावर बसायचा.

आखडून मारायची रीत आमच्यात पडली ती त्याच्या लग्नामुळं. लग्नाला आठ दिवस असताना अमरावतीच्या रिंगात मी त्याची भुवई फोडली. सात टाके पडले. लग्नाच्या प्रत्येक फोटोत नवरदेवाच्या बाशिंगाखाली पांढरी पट्टी आहे. मी आहेर घेऊन स्टेजवर गेलो, तर नव्या नवरीनं मान वर करून विचारलं, "तुमीच का ते?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी आम्ही ठरवलं की दुसऱ्याच्या गावी जो जाईल तो पाहुणा, आणि पाहुण्याच्या तोंडावर मारायचं नाही. पुढं लग्नं झाली, लेकरं झाली, बायका एकमेकींना लोणची पाठवायला लागल्या. मग तोंडाच्या ऐवजी कुठंच जोरात मारायचं नाही असं आपोआप झालं. बोललं कोणीच नाही. स्पर्धा संपल्या, तरी दर वर्षी जिल्हा स्पर्धेच्या उद्घाटनाला आम्हा दोघांची तीन राऊंडची नमुन्याची, हार-जीत नसलेली लढत ठेवत. एका वर्षी अमरावती, एका वर्षी अकोला. लोक टाळ्या वाजवायचे. आम्ही ग्लोव्हजवर ग्लोव्हज आपटून मोठा आवाज काढायचो आणि खाली उतरून चहा प्यायचो.

आता माझी नोकरीची दोनच वर्षं राहिली आहेत. इथंच अमरावतीत कारकून आहे. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर उभा राहून नोटीस बोर्ड वाचतो. बोर्डावर नवीन काही नसतं हे मला आणि शिपायाला दोघांनाही ठाऊक आहे. पण माझं सोडा. बिघडत होता तो. तीन-चार वर्षांपासून दिसत होतं. कप उचलला की बशीत चहा सांडायचा. एकच किस्सा जेवताना दोनदा सांगायचा आणि दुसऱ्यांदाही तितकाच हसायचा. पाय फाकवून चालायला लागला होता. बार्शीटाकळीच्या बाजूला त्याचं वांग्यांचं आणि सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, शेत आहे. माल घेऊन अकोल्याच्या बाजारात जायच्या ऐवजी एकदा सरळ पुढं निघून गेला आणि भलत्याच गावातून वहिनींना फोन केला, "मी कुठी आलो ते पाह्य ना जरा." मी हे सगळं पाहिलं आणि म्हटलं, वय आहे. दुसरं काही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

या हिवाळ्यात वहिनींचा फोन ऑफिसात आला. मला वाटलं, काही कार्यक्रम असेल.

"भाऊजी, त्याईनं लढत घेतली."

"कोणासंगं?"

"नागपूरकडचा कोणी हाये म्हणते. बत्तीस-तेहतीस वर्साचा. इथल्या महोत्सवात. बोर्ड बी लागले."

बत्तीस वर्षांचा, आणि अजून स्पर्धा खेळणारा. मी खुर्चीतून उठलोच. वहिनींनी पुढं सांगितलं, की डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढले होते आणि स्पष्ट बजावलं होतं, आता डोक्याला एकही मार नको. यानं ते रिपोर्ट धान्याच्या कोठीमागं लपवून ठेवले होते. विचारलं तर म्हणाला, "डॉक्टरले काय समजते? मागच्या वर्सी अमरावतीच्या गड्याले तीन राऊंड खेळवलं ना मी. तो दमला, मी नाही दमलो."

अमरावतीचा गडी म्हणजे मी. माझ्या आखडत्या हातावर हा माणूस लढायला निघाला होता! दर वर्षी मी हळू मारलं, आणि दर वर्षी हा घरी जाऊन म्हणाला, अजून जमते आपल्याले. दुसरा हेवीवेट असता तर त्यानं केव्हाच याला खाली बसवलं असतं. दुसरा नव्हता. मीच होतो, आणि मी पडलो लोणच्याला जागणारा.

"मी समजावतो त्याले," मी म्हटलं.

"समजावून झालं भाऊजी. पोरीनं समजावलं, डॉक्टरनं समजावलं. तुमी मारा त्याईले."

"काय?"

"इथं या, प्रॅक्टिस म्हणून उतरा आन् मारा. तोंडावर नका मारू. बाकी कुठी बी मारा, पण असं मारा का घरी बसले पायजेत." मग म्हणाल्या, "मी सांगतलं असं सांगू नका."

ज्या बाईनं लग्नाच्या स्टेजवर मला 'तुमीच का ते' विचारलं होतं, ती आज नवऱ्याला मार म्हणून सांगत होती. मला राग आला. तिच्यावर नाही, त्याच्यावर, माझ्यावर, आमच्या असल्या शहाणपणावर. मी रजेचा अर्ज टाकला.

अकोल्याच्या स्टँडवर तो गाडी घेऊन उभा होता. "काय बे जाड्या, पोट केवढं वाढवून ठेवलं!" म्हणून त्यानं माझ्या पोटावर थाप मारली. वाटेत एका वळणावर तो थांबला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. त्याचं स्वतःचं गाव, पन्नास वर्षांचा रस्ता. मी मागच्या सीटवरून पाहत होतो. मग एका ऑटोवाल्यानं शिवी दिली, त्या शिवीनंच जणू त्याला आठवलं आणि त्यानं गाडी उजवीकडं घेतली. घरी वहिनींनी पिठलं-भाकरी वाढली आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सकाळी सातला आम्ही जुन्या हॉलवर गेलो. किल्ली त्याच्याकडेच असते. हॉलमध्ये आम्ही दोघंच. कोपऱ्यातल्या बाकावर तो हाताला पट्ट्या बांधायला बसला. डावा हात बांधला, सोडला, परत बांधला. अंगठ्याचा वेढा त्याला सापडेना. ज्या माणसानं मला पट्टी बांधायची त्याची पद्धत शिकवली, त्याचा हात शेवटी मी बांधून दिला. तो म्हणाला, "नवीन पट्ट्या हायेत, जमून नाही राहिलं." पट्ट्या जुन्याच होत्या.

पहिला राऊंड आम्ही नेहमीसारखा काढला. मी त्याच्याकडे नीट बघत होतो. त्याचा डावा गार्ड खाली पडत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. नागपूरवाला तिथूनच आत शिरणार, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. दुसऱ्या राऊंडला त्यानं एकदम उजवा काढला आणि माझ्या छातीवर ठेवून दिला. मी मागं सरलो आणि मनात म्हटलं, बरा आहेस, अजून माझी काळजी घेतोस.

तिसऱ्या राऊंडला मी ठरवलं. त्याची उजवी बाजू उघडी होती. मी डावा पाय आत टाकला, कंबर फिरवली, अंगात होतं नव्हतं ते सगळं डाव्या हातात आणलं आणि बरगडीखाली हुक मारला. मला मारताना वाईट वाटलं, हे सांगून टाकतो. आता हा दोन सेकंद माझ्याकडे बघेल आणि खाली बसेल, म्हणून त्याला धरायला मी हातही पुढं केले.

तो बसला नाही. हसला.

"काहून आखडून मारून राहिला बे? इथं लोकं थोडीच हायेत पाह्याले."

मला वाटलं, नेम चुकला. मी परत मारला. तिथंच. माझा श्वास तुटला, खांद्यात कळ आली, डोळ्यांपुढं काळे ठिपके आले. तो जागचा हलला नाही. "असा नाही," तो म्हणाला, "तुह्या असली हुक मार. नागपूरचा काही माह्या लिहाज करणार नाही."

मी दोरीला टेकलो. बोलायलाही दम नव्हता. गंमत बघा, त्याला वाचवायला मी एवढा तीन तासांचा प्रवास करून आलो होतो आणि माझ्याजवळ मारायलाच काही नव्हतं. एकच इलाज उरला होता आणि तो सांगण्यापेक्षा मला त्याचा मार खाल्लेला परवडला असता.

"हा असलीच होता," मी म्हटलं.

"हट्."

"लेकराची शपथ. दोन्ही बी. एवढीच ताकद राहिली हाये."

तो हसायचा थांबला. माझ्या छातीकडं, थरथरणाऱ्या खांद्याकडं त्यानं पाहिलं. डोकं कितीही विसरभोळं झालेलं असो, पूर्ण ताकदीनं मारलेला माणूस कसा दिसतो हे बॉक्सर विसरत नाही.

"आन् माह्या मंघाचा उजवा?" त्यानं विचारलं. "छातीवरचा?"

"लागला नाही बे. मले वाटलं, तू जपून मारला."

"नाही," तो म्हणाला. "तुले दाखवाले मारला होता. सगळा मारला होता."

मग आम्ही दोघं रिंगच्या काठावर पाय खाली सोडून बसलो. बाहेर कोणीतरी गाडीला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. "कवापासून गेली असंल बे ताकद?" त्यानं विचारलं. मला काय माहीत? इतकी वर्षं त्याला वाटत होतं, हा मला सोडून देतोय. मला वाटत होतं, मी याला सोडून देतोय. सोडून देण्यासारखं दोघांकडेही काही नव्हतं, आणि ते सांगणारा तिसरा हेवीवेट या दोन जिल्ह्यांत जन्मला नाही. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही आणि त्यानंही न पाहिल्यासारखं केलं नाही. दातानं दोरी ओढून त्यानं आधी स्वतःचा ग्लोव्ह सोडला, मग माझे दोन्ही सोडले.

"तू सांग त्याईले," तो म्हणाला. "माह्या तोंडून 'नाही' निघत नाही."

मी आयोजकाला फोन लावला. माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, की अकोल्याचे भाऊ लढणार नाहीत, तब्येतीचं कारण आहे. तिकडून दोन मिनिटं आरडाओरडा ऐकला. बोर्ड लागले, पाहुणे सांगितले, आता कसं करायचं. मग आयोजक एकदम मऊ आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्ही बी त्याच वजनाचे ना? तुमचं बी नाव मोठं हाये. तुम्हीच उतरा ना त्यांच्या जागी. तीनच तर राऊंड."

आणि माझ्याही तोंडून 'नाही' निघालं नाही.

पाच मिनिटांपूर्वी दोन ठोशांत मरायला टेकलेला मी. खांद्यातली कळ अजून गेली नव्हती. तरी 'तुमचं नाव मोठं हाये' ऐकलं आणि आत काहीतरी ताठ उभं राहिलं. पंधरा दिवस आहेत, मनात आलं. सकाळी पळायला लागू. बत्तीसचा असला म्हणून काय झालं, बरगड्या तर त्यालाही आहेत. खोटं कशाला सांगू, 'हो' माझ्या ओठांवर आलं होतं.

फोनचा आवाज मोठा होता, त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. मग त्यानं हात लांब केला आणि फोन माझ्याकडून काढून घेतला.

"तो बी नाही येत," तो म्हणाला. "आमी दोघं बी नाही."

आणि फोन बंद कसा करायचा ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं तो तसाच चालू माझ्या हातात दिला.