गाळलेलं वाक्य

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल नातवाला नाटकाची मिशी चिकटवताना स्पिरिटगमचा वास आला आणि औरंगपुऱ्यातला तो गॅसबत्त्यांच्या उजेडात न्हालेला मांडव डोळ्यांपुढं तरंगला. मी नायक होतो. टाळ्या स्वप्नातल्यासारख्या दुरून ऐकू येत होत्या. माझा मित्र शिपायाच्या वेषात विंगेत त्याच्या एकुलत्या प्रवेशाची वाट बघत होता. त्याला शहरात राहू द्यायचं की नाही, हे त्याचं काम बघून ठरवायला त्याचे वडील सोयगावहून आले होते. तालमीत सगळा हशा तोच घ्यायचा, म्हणून त्याला आत बोलावायचं वाक्यच मी गाळलं. पडदा पडल्यावर वडील म्हणाले, "आरं, एवढं सोंग घेतलं अन् तू व्हतास कुठं?" "ह्यो वाक्य इसरला, दादा," तो माझ्याकडं बघून हसत म्हणाला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्याला शेतीवर नेलं, ते कायमचं. 'विसरलो नव्हतो रे, माफ कर,' एवढं म्हणायला मी दोनदा सोयगावच्या एसटीत बसलो आणि दोन्हीदा अर्ध्या वाटेत सिल्लोडलाच उतरलो.